ट्रॉलीच्या तळाच्या फळ्या बदलायच्या आहेत: लाकूड कोणते घ्यावे आणि बसवावे कसे?

प्रश्न (मोहोळ तालुका, जि. सोलापूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन चाकांची जुनी ट्रॉली आहे. सांगाडा लोखंडी चॅनेलचा असून तळ लाकडी फळ्यांचा आहे. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट. शेणखत, डाळिंबाचे क्रेट आणि सुगीनंतर कडबा अशी तिची वर्षभराची कामे असतात. गेल्या आठवड्यात खत उतरवताना फावड्याचे टोक मागच्या फळीत थेट आत गेले. फळी उचकटून पाहिली, तर वरून ती धडधाकट दिसत होती; पण आडव्या अँगलवर जिथे टेकते, तिथे खालून नखाने टोकरले तरी भुगा पडत होता आणि दोन अँगलांच्या मधला भाग मात्र ठणठणीत होता. शेजारचे काका म्हणतात, लाकडाचा नाद सोडून चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा) टाका. माझे मन लाकडाकडेच आहे, कारण तापलेल्या पत्र्यावर क्रेट ठेवले की तळच्या फळांना झळ बसते, हे मी पाहिले आहे. लाकूड कोणते, जाडी किती आणि दोन फळ्यांत फट ठेवावी की नाही, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (सोलापूर, सुतारकाम)

कुजण्याची जागा आपण नेमकी टिपली आहे. उघड्या भागावरचे पाणी आपल्याकडच्या उन्हात तासाभरात वाळते, पण फळी आणि अँगल यांच्या सांध्यात शिरलेले शेणाचे पाणी दिवसेंदिवस तिथेच राहते, कारण तिथे वारा पोहोचत नाही, आणि बुरशीला तेवढी ओल पुरते. म्हणून लाकडाच्या जातीइतकेच लक्ष या सांध्याकडे द्या.

बैलगाडीला पूर्वापार बाभूळ वापरत आले आहेत आणि तळालाही ती चांगली, परंतु फक्त तांबूस गाभ्याची. कडेचे पांढरे लाकूड भुंग्याला फार लवकर बळी पडते. ते काढून टाकायला वखारीत सांगा, मग घनफुटामागे थोडे नुकसान झाले तरी चालेल. सागवान महाग असले तरी उन्हापावसात सर्वांत कमी हलते. नीलगिरी स्वस्त मिळते, पण वाळताना पिळवटते, म्हणून मी ती तळाला सुचवणार नाही.

जाडी दीड इंच ठेवा. फटीचा निर्णय मात्र लाकडाच्या ओलीवर ठरतो. पुरेशी वाळलेली फळी असेल तर दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट ठेवा, म्हणजे पावसाळ्यात फुगायला जागा राहील आणि पाणीही खाली निघून जाईल. ओली ९ इंची फळी वाळता वाळता तीन सुतांपर्यंत आखडू शकते, त्यामुळे आज अचूक ठेवलेली फट पुढच्या वैशाखात बोट जाईल एवढी होते. शक्यतो ओली फळी ठोकूच नये; एक उन्हाळा सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन रचून ठेवावी आणि दोन्ही टोकांना ऑइलपेंट लावावा. बाभूळ टोकाकडूनच चिरते.

उत्तर (बार्शी, ट्रॉली बांधणी)

पत्र्याचा हिशोबही सांगतो, म्हणजे काकांनाही उत्तर देता येईल. आपल्या मापाच्या तळाला ५ मिलिमीटरची प्लेट सुमारे २२० किलो भरते, तर दीड इंची बाभूळ सुमारे १७० किलो आणि सागवान १४० किलोच्या आसपास. दगड-मुरूम वाहणाऱ्यांनी प्लेटच टाकावी. क्रेट आणि कडब्यासाठी लाकूड योग्य आहे.

सगळ्या फळ्या काढल्यावर लगेच नव्या बसवू नका. प्रत्येक अँगल हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर गंजाने तो आतून पातळ झाला आहे असे समजून बदलून घ्या. वेल्डिंगची सारी कामे लाकूड चढण्यापूर्वीच उरकावीत. नंतर लोखंड घासून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या आणि फळी टेकणाऱ्या जागेवर डांबरी पट्टी चिकटवा.

खिळे अजिबात वापरू नका. गोल डोक्याचे, मानेला चौकोन असलेले तीन सुती बोल्ट घ्या. डोके फळीत थोडे बुडेल एवढी खाच करा, नाहीतर प्रत्येक फावड्याला ते अडेल. अँगलमधले भोक एक सूत मोठे ठेवून खाली रुंद वायसर टाका, म्हणजे फळी फुगली-आखडली तरी बोल्टपाशी चिरणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक उन्हाळा थांबणे मला शक्य नाही, कारण ट्रॉली रोज लागते. आमच्या जुन्या घराचे माळवद उतरवले तेव्हाच्या सागाच्या काही तुळया गोठ्यात पडून आहेत. त्या चिरून घेता येतील का? आणि तळाला गाडीचे जळके ऑइल पाजावे, असे अनेक जण सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर (सोलापूर, सुतारकाम)

तुळया असतील तर बाजारातले लाकूड पाहूच नका. इतक्या वर्षांचे कोरडे लाकूड पैसे देऊनही सहसा मिळत नाही. मात्र गिरणीत नेण्यापूर्वी प्रत्येक तुळईवरून लोहचुंबक फिरवा, कारण मोडलेला एक खिळा आत राहिला तरी करवतीचे पाते जाते, आणि गिरणीवाला पुढची तुळई हातात घेत नाही. भिंतीत गेलेली टोके पोकळ वाटली तर वाळवीने खाल्लेला भाग कापून टाका. आपल्या तळाला साडेसात घनफूट लाकूड बसते. चिराईतली घट धरून निदान साडेआठ घनफूट निघेल, असे पाहा.

जळके ऑइल मी लावू देत नाही. क्रेटमधून ते फळांना लागते आणि सांध्यातली कूजही त्याने थांबत नाही. त्याऐवजी बेलतेल, म्हणजे जवसाचे उकळलेले तेल, कोमट करून फळ्या बसवण्यापूर्वी चारही बाजूंना, टोकांना आणि बोल्टच्या भोकांत लावा. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात, आणि आपल्या गोठ्यात कडबा असणार. ते पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा कडब्यापासून दूर, उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

९ इंची ८ फळ्या बरोबर ६ फूट भरतात, पण सात फटींचे पावणेदोन इंच त्यात धरलेले नाहीत. म्हणून शेवटची फळी सव्वासात इंची चिरून घ्या आणि ती मध्ये बसवा. कडेला पूर्ण रुंदीच्या फळ्या असू द्या, कारण क्रेट ओढताना सगळा मार कडेवर येतो.