'सुख' मिळतं का, असं विचारलं तर?

अनुवादिका: एका दवाखान्यासाठी स्त्रियांच्या लैंगिक आरोग्याची प्रश्नावली मराठीत करते आहे. 'संबंधाच्या वेळी तुम्हाला सुख मिळतं का?' असं लिहिलं होतं. समुपदेशक ताईंनी काही जणींना विचारून पाहिलं. उत्तरं आली, 'हो, सुखात आहे, नवरा पीत नाही, मारत नाही.' एक म्हणाली, 'त्रास काही नाही.' 'आनंद' भाषणातला वाटतो. दुसरा शब्द आहे का?

कोशवाचक: 'रतिसुख' आहेच. परमोच्च क्षणाला 'कामपूर्ती'. स्त्रीला सुख होतं का आणि कसं, यावर कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात, म्हणजे भागात, चांगला वाद आहे. जुन्या आचार्यांपैकी औद्दालकी एक म्हणतो, बाभ्रव्याचे अनुयायी दुसरं. शेवटी वात्स्यायन दोघांचं सुख सारखंच ठरवतो. शब्द आपल्या घरात आहेत.

सांजवेळ: घरात असतील, तोंडात नाहीत. 'त्रास नाही' हे उत्तर मीही कित्येक वर्षं दिलं असतं. बाळ अंगावर पीत असताना कोरडेपणा येतो, त्याने दुखतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे. त्यात दोन खोल्यांचं घर, भिंतीपलीकडे सासूबाई जाग्या. बांगड्या वाजू नयेत एवढंच डोक्यात. दुखलं नाही की ती रात्र चांगली, असं माप होतं माझं. म्हणून आधी 'दुखतं का' विचारा, मग वेगळं 'तुम्हाला स्वतःला हवंसं वाटतं का' विचारा. एकाच प्रश्नात घालू नका.

देशावरची: 'हवंसं' फार चांगलं. आमच्याकडे बायका आपसांत 'हौस भागते का' म्हणतात.

कोशवाचक: हौस म्हणजे मूळची अरबी 'हवस'. उर्दूत सरळ वासना. दवाखान्याच्या कागदावर नको.

मुळाक्षर: मराठीत आल्यावर तो अर्थ उरला नाही. डोहाळजेवण आपण हौसेनेच करतो ना? 'मौज'ही अरबी, मूळ अर्थ लाट. त्या क्षणाला याहून नेमकं काय म्हणणार? आणि क्लिटोरिससाठीचा तुमचा शुद्ध 'शिश्निका' बघा: छोटं शिश्न! ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओ'कॉनेल यांनी 1998 मध्ये शवविच्छेदन करून दाखवलं की बाहेर दिसतं ते नुसतं टोक. बाकीचा अवयव आत, योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. त्याला पुरुषाच्या अवयवाची लहान नक्कल म्हणणारं नाव मला मान्य नाही. बायका 'दाणा' म्हणतात, पण तोही टोकापुरताच.

कोशवाचक: 'इका' आलं की लहान, असं नसतं. नायिका ही छोटी नायक आहे का?

मुळाक्षर: 'नायक' शब्दात क आधीच आहे, तिथे फक्त स्त्रीलिंग झालं. 'शिश्न'मध्ये क कुठे आहे?

देशावरची: शुद्ध शब्दांनी काही वाचत नाही. र. धों. कर्वे 1927 पासून आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात कामजीवनावर मोकळेपणाने लिहीत होते, स्त्रीच्या सुखाचा हक्कही मांडत होते. तरी अश्लीलतेचे खटले भरलेच. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. भीती विषयाची होती, शब्दांची नव्हती.

सांजवेळ: आणि 'थंड' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. तो बाईला एकदा चिकटला की निघत नाही. दुखतं, घाई होते, मन नसतं, सगळं त्या एका शब्दाखाली दडपलं जातं.

अनुवादिका: 'दुखतं का' आणि 'हवंसं वाटतं का' असे दोन प्रश्न करते. 'थंड' काढला, पहिल्या मसुद्यात खरंच होता. अजून एक अडलंय. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी त्या क्षणापर्यंत पोचायला फार वेळ लागतो, किंवा पोचताच येत नाही. बायका ते डॉक्टरांना सांगत नाहीत. 'तिथवर पोचता का' असं लिहिलं तर कळेल?

देशावरची: कुठवर, असं विचारतील.

कोशवाचक: माझा मुद्दा तसाच राहिला. 'मातृका' घ्या. 'मातृ'मध्ये क नाही, तरी मातृका म्हणजे लहान आई नव्हे.