मदत हवी आहे : न्यूयॉर्क विधिमंडळाचे १९११ चे अधिवेशन

न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाच्या १९११ च्या अधिवेशनाचा मी अभ्यास करत आहे. २५ मार्चला न्यूयॉर्क शहरातील ट्रायंगल या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले, त्यानंतर नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगाचे अध्यक्षपद सिनेटमधील बहुमताचे नेते रॉबर्ट वॅग्नर यांच्याकडे, तर उपाध्यक्षपद असेंब्लीतील (कनिष्ठ सभागृहातील) बहुमताचे नेते आल्फ्रेड स्मिथ यांच्याकडे आले, आणि पुढील कामगार कायद्यांचा पाया त्यातूनच घातला गेला. या दोघांच्या नेतृत्वाचा खरा कस माझ्या मते इथेच लागला. आयोगाच्या विधेयकावरील दोन्ही सभागृहांचे कामकाज मला मुळातून वाचायचे आहे. त्याच मार्चमध्ये आल्बनी या राज्याच्या राजधानीतील विधानभवनाला आग लागून राज्य ग्रंथालयाची अपरिमित हानी झाली होती. तेव्हा त्या अधिवेशनाची छापील कामकाजपत्रे आज कुठे पाहता येतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.