विषय: सळईवरचं पोर्क आणि तिखट पाक (यंदा कोळसा नको!)

प्रेषक: सचिव
सोमवार, रात्री ९:१२

मंडळी नमस्कार,

सहलीच्या जेवणात सळईवर भाजलेलं पोर्क यंदाही हवं, असं हात वर करून ठरलं आहे. हात वर करणाऱ्यांपैकी शेगडीपाशी कोण उभं राहणार, हे मात्र ठरलेलं नाही. खाणारे साधारण पस्तीस जण आहेत. न खाणाऱ्यांची शेगडी, चिमटे आणि ताटं वेगळी असतील. त्यावर चर्चा नको.

गेल्या वर्षी बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं झालं होतं, ते सगळ्यांना आठवत असेलच. कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण यंदा कृती आधी लिस्टवर येऊ द्या.

— सचिव

*

प्रेषक: गेल्या वर्षीचा आचारी
सोमवार, रात्री ९:४०

नावं ठेवायची नाहीत म्हणायचं आणि आदल्याच ओळीत कोळसा काढायचा! असो, चूक माझीच होती. पण नेमकं काय चुकलं ते मला अजून उमगलेलं नाही. मध, सोया सॉस, व्हिनेगर, लसूण, लाल तिखट असं सगळं एकत्र करून मांस रात्रभर त्यात मुरवलं होतं. निखारे लालबुंद होते. सळया ठेवल्या ठेवल्या वास असा सुटला की मुलं खेळ सोडून धावत आली. आणि पाचव्या मिनिटाला सगळं काळंठिक्कर. उतरवून कापलं तर आत गुलाबी. परत ठेवलं तर आणखी काळं.

कुणी समजावून सांगेल का? शेगडीवाल्या वहिनी, वाचताय ना?

*

प्रेषक: शेगडीवाल्या वहिनी
सोमवार, रात्री ११:०५

भाऊजी, वाचतेय. तुमचं साहित्य बरोबर होतं, क्रम चुकला.

तीन सेंटिमीटरचा तुकडा आतपर्यंत शिजायला मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं लागतात. मध करपायला दोन-तीन मिनिटं पुरतात. मधात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि ते ११० अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागतं. साधी साखर १६० अंशांपर्यंत तग धरते. निखाऱ्यांवरची जाळी या दोन्हींच्या कितीतरी पुढे असते. म्हणजे तुम्ही मांस भाजत नव्हता, मध जाळत होता.

म्हणून मुरवण वेगळं आणि पाक वेगळा. मुरवणात गोड काहीही नको. किलोला दहा ग्रॅम मीठ (पाकात सोया सॉस आहे, त्याचं मीठ वेगळं येतं), दोन चमचे तेल, मिरपूड, आणि लसूण वाटून त्याचा रस. लसणाचे बारीक तुकडे घालू नका, ते साखरेइतक्याच लवकर करपतात आणि कडू होतात. मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आत शिरतं ते मीठच. बाकीचा मसाला वरवरच राहतो, कितीही मुरवा. व्हिनेगर रात्रभर तर मुळीच ठेवू नका, मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. कुणी हौसेने कच्च्या अननसाचा रस घालणार असेल तर हात आवरा. त्यातलं एन्झाइम मांसाचा लगदा करतं.

आता पाक. एक किलो मांसाला:

मध १०० ग्रॅम, सोया सॉस ६० मिली, व्हिनेगर ६० मिली, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा किसून, लसणाच्या चार पाकळ्या वाटून, सुक्या लाल मिरच्या सहा ते आठ, आणि अर्धी वाटी पाणी. मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून बारीक वाटायच्या आणि गाळून घ्यायच्या. कोरडी पूड वापरलीत तर ती निखाऱ्यावर जळते आणि धूर असा निघतो की शेगडीपाशी उभा राहणारा खोकून बेजार. वाटण पाकात विरघळून जातं, म्हणून ते बरं.

सगळं मंद आचेवर आठ-दहा मिनिटं आटवायचं. किती आटवायचं, हे पाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकतारीच्या थोडं अलीकडे थांबायचं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली की ती राहिली पाहिजे. गरम असताना पातळ वाटतो, गार झाल्यावर दाट होतो, त्यामुळे फसू नका.

पाक सळईला लावायचा तो शेवटच्या चार-पाच मिनिटांत. तेही एकदम नाही. पातळ हात द्यायचा, मिनिटभर सुकू द्यायचा, उलटायचं, दुसरा हात. असे तीन हात.

मांस कुठलं आणायचं ते उद्या लिहिते, डोळे मिटायला लागलेत.

*

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ७:३०

मांसाचं मी सांगतो. कमरेचं आणा, ज्याला लॉइन म्हणतात. चरबी कमी, तुकडे सारखे पडतात, वाया काही जात नाही. निम्म्या मंडळाचं कोलेस्टेरॉल वर आहे, मी स्वतः धरून.

*

प्रेषक: शेगडीवाल्या वहिनी
मंगळवार, दुपारी १:१५

काका, तब्येतीचा मुद्दा मान्य. पण शेगडीवर लॉइन म्हणजे कापसाचे बोळे. चरबी नाही, म्हणून चार अंश जास्त झाले की कोरडं. पस्तीस जणांसाठी भाजताना प्रत्येक सळईवर एवढी नजर कोण ठेवणार? खांद्याचं मांस चुका पोटात घालतं. त्यात मांसामध्येच चरबीच्या रेषा असतात, त्या वितळून तुकडा ओला ठेवतात. वरचा जाड पांढरा थर आणि चिवट पडदे काढून टाका, चरबी तेवढी कमी होईल.

हिशेब: तीन सेंटिमीटरचा तुकडा साधारण २७-२८ ग्रॅमचा. सळईवर चार तुकडे, म्हणजे ११० ग्रॅम. पस्तीस जण, प्रत्येकी दोन सळया, म्हणजे सत्तर सळया आणि पावणेआठ किलो मांस. साफ करताना जाईल ते धरून नऊ किलो बिनहाडाचं घ्या.

सळईवर तुकडे रेल्वेच्या डब्यांसारखे चिकटवू नका. मध्ये बोटभर नाही, पण काडीभर फट हवी, नाहीतर चिकटलेल्या बाजू शिजत नाहीत. मध्ये कांदा-सिमला मिरची ओवायची हौस असेल तर त्यांच्या सळया वेगळ्या करा. भाजी आणि मांस एका वेळेत होत नाही.

*

प्रेषक: कार्यकारिणीतला तरुण सभासद
मंगळवार, दुपारी १:५०

वहिनी, आतून झालं की नाही हे ओळखायचं कसं? माझे आजोबा म्हणतात, डुकराचं मांस पांढरं होईपर्यंत शिजवायचंच, थोडाही गुलाबी रंग चालत नाही.

*

प्रेषक: शेगडीवाल्या वहिनी
मंगळवार, रात्री १०:२०

आजोबांना नमस्कार सांग. त्यांची भीती उगाच नव्हती. ट्रायकिनेला नावाचा कृमी पूर्वी डुकराच्या मांसातून माणसात यायचा. आता बंदिस्त जागी पाळलेल्या डुकरांत तो क्वचितच आढळतो. आणि ६३ अंशांच्या आधीच तो मरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली अख्ख्या तुकड्यांसाठी तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सियसवर आणलं, पण उतरवल्यावर तीन मिनिटं थांबायच्या अटीवर. खिमा असेल तर अजूनही ७१च.

म्हणजे ६३ ला किंचित गुलाबी असलं तरी खायला हरकत नाही. मात्र खांद्याचं मांस ६३ ला चिवट लागतं, त्याला ७० ते ७५ मानवतं. आपण ७० धरू. आजोबाही खूश, दातही खूश.

रंगावर विसंबू नकोस. धुराने शिजलेलं मांसही कडेला गुलाबी राहतं. टोचायचा थर्मामीटर घे, त्याला पर्याय नाही.

*

प्रेषक: दोन लेकरांची आई
बुधवार, सकाळी ८:०५

दोन शंका. माझा धाकटा नऊ महिन्यांचा आहे, त्याला पाक न लावलेला तुकडा कुस्करून देईन. मध शिजवलेला असेल तर चाटायला दिलेला चालेल का? आणि मोठीला तिखट सोसत नाही.

*

प्रेषक: शेगडीवाल्या वहिनी
बुधवार, सकाळी ८:३०

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. शिजवलेलाही नाही. त्यातल्या बोट्युलिझमच्या (ही एक घातक विषबाधा) बीजाणूंना साध्या उकळण्याने काही होत नाही. धाकट्यासाठी मिठाशिवायची सळई वेगळी बाजूला ठेवते, आणि ती दुसऱ्या ब्रशच्या वाऱ्यालाही उभी करणार नाही.

मोठीसाठी पाक दोन पातेल्यांत करू, एकात मिरची नाही. एक सांगते, पातेल्यात चाखून तिखटाचा अंदाज घेऊ नका. गोड आधी जिभेवर येतं आणि तिखट मागून येतं. चाखल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग ठरवा.

*

प्रेषक: गेल्या वर्षीचा आचारी
शनिवार, रात्री १०:४५

मंडळी, आज घरी एक किलोची रंगीत तालीम केली. अहवाल सादर.

निखारे एका बाजूला रचले, दुसरी बाजू रिकामी. निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत थांबलो, साधारण पंचवीस मिनिटं. गेल्या वर्षी एवढा धीर नव्हता. जाळीवर तळहात धरून चार-पाच आकडे मोजता आले, म्हणजे मध्यम आच.

पहिल्या चार सळया फसल्या. पाक बरोबर वेळी लावला, पण एकाच हातात चोपडला, भिंतीला रंग देतात तसा. तो ओघळून निखाऱ्यांवर पडला, भडका उडाला. घाईत पाणी शिंपडलं तर राख उडून सळयांवर बसली. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि काही बोलली नाही, म्हणजे किती वाईट दिसत असेल ते ओळखा.

दुसऱ्या चार जमल्या. भडका झाला की पाणी नाही, सळया रिकाम्या बाजूला सरकवायच्या, ज्वाळा आपोआप बसते. तीन पातळ हात दिले. तिसऱ्या हातानंतर जी चकाकी आली, ती पाहून मी दोन मिनिटं खायचं विसरलो. तिथेच तिसरी चूक झाली. सात-आठ फोटो काढेपर्यंत कडा काळ्या झाल्या.

आणखी दोन गोष्टी. माझ्या सळया गोल आहेत. उलटताना सळई फिरते आणि तुकडे जागेवरच राहतात. चपट्या सळया किंवा दोन बांबूच्या काड्या जोडीने लावणं, हाच उपाय. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवल्या तरी टोकं जळतात, म्हणून टोकं निखाऱ्याबाहेर ठेवावीत.

दुसरं, थर्मामीटरने एकदा ७८ दाखवलं, खूश झालो. मग लक्षात आलं, टोक लोखंडी सळईला टेकलं होतं. दुसऱ्या तुकड्यात मधोमध टोचलं तर ६१. सळईपासून लांब टोचा.

चव? पाकात मध थोडा कमी, आलं थोडं जास्त असं मी करीन. बाकी वहिनींना साष्टांग.

*

प्रेषक: शेगडीवाल्या वहिनी
रविवार, सकाळी ९:५०

भाऊजी, शाबास. आणि चुका लिहिल्यात हे फार बरं केलंत, जमलेल्या सळयांवरून कुणी काही शिकत नाही.

आता सहलीचा खरा प्रश्न. एका शेगडीवर एका वेळी सोळा सळया मावतील. पंधरा मिनिटांचा एक घाणा धरला तर सत्तर सळयांना पाच घाणे, म्हणजे सव्वा तास, आणि मागे भुकेली रांग. तेव्हा कुणीतरी नक्की म्हणणार की घरून अर्धवट भाजून नेऊ. नाही. अर्धवट शिजवून ठेवलेल्या मांसात जंतू मस्त वाढतात. एकतर पूर्ण कच्चं, बर्फाच्या पेटीत चार अंशांखाली न्यायचं, नाहीतर पूर्ण शिजवून गार करून न्यायचं. मला पहिलं पसंत. दुसरी शेगडी मिळवा, अर्ध्या वेळेत काम होईल.

कोळसे तासाभरात मंदावतात. तिसऱ्या घाण्याच्या वेळी नवे कोळसे बाजूला वेगळे पेटवायला ठेवा. काळे कोळसे जळत्यांवर टाकलेत तर त्यांच्या धुराची चव मांसाला लागते.

भाजलेलं मांस दोन तासांवर बाहेर ठेवू नका. ऊन कडक असेल तर तासभरच. आणि कच्च्या मांसाला लागलेला ब्रश पाकाच्या पातेल्यात बुडवायचा नाही. पाक आधीच वाट्यांत काढून ठेवा. उरलेला हवा असेल तर परत उकळून घ्या.

*

प्रेषक: सचिव
रविवार, सकाळी ११:२०

दुसरी शेगडी मिळाली. ब्रश चार घेते, दोन पाकांना वेगवेगळे रंग. शेगडीपाशी आचारी आणि तरुण सभासद. आचाऱ्यांच्या हातात भाजताना फोन असणार नाही, हे मी बघते.

*

प्रेषक: खजिनदार
रविवार, दुपारी १२:०५

खांद्याचं नऊ किलो सांगितलं आहे. शिवाय एक किलो कमरेचं, माझ्यापुरतं. ते मीच भाजणार.

*

प्रेषक: शेगडीवाल्या वहिनी
रविवार, दुपारी १२:०७

६३ ला उतरवा, काका. आणि झाकून तीन मिनिटं हात लावू नका.