किचन-बाथरूमच्या कामाआधी ड्रॉइंग करून घ्यावीत का?

कोथरूडकर: जुना टू बीएचके आहे. किचन, बाथरूम नव्यानं करायचंय, किचन-हॉलमधली भिंतही काढायची आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ड्रॉइंग कशाला, जागेवर खडूनं आखून देतो. डिझायनरला वेगळे पैसे द्यावेत का?

ओळंबा: जरूर द्या, पण थ्रीडी चित्रांसाठी नको. चित्र बघून गवंडी मापं घेत नाही. तोडफोडीचा प्लॅन, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, टाइल्स आणि ओट्याचं एलिव्हेशन (समोरून दिसणारं ड्रॉइंग) मापांसकट मागा.

ओट्याचंच बघा. सुटा डिशवॉशर साधारण ८५ सेंमी उंच असतो. ३४ इंची ओटा म्हणजे ८६ सेंमी, त्यातून १८ मिमी ग्रॅनाइट गेला की मशीन आत शिरत नाही. शिवाय जुन्या फरशीवरच नवी टाइल लावली तर तळ अर्धा-पाऊण इंच वर येतो. खडूची खूण बहुतेक वेळा जुन्या फरशीपासून घेतलेली असते, त्यामुळे ओटा तेवढा बुटका होतो आणि दारंही खालून घासतात. म्हणून ड्रॉइंगवर प्रत्येक उंची ‘तयार फरशीपासून’ असं लिहून घ्या, आणि मशीनचं मॉडेल आधी ठरवा.

वायरचंही तसंच, तिची जाडी ड्रॉइंगवर लिहून घ्या: दिव्यांना १.५, साध्या सॉकेटना २.५, गीझर-ओव्हनला ४ चौ. मिमी आणि स्वतंत्र सर्किट.

लेव्हलट्यूब: भिंतीचा निर्णय डिझायनरवर सोडू नका. इमारत लोड-बेअरिंग (भिंतींवर उभी) असेल तर ती भिंत वरचा स्लॅब पेलत असू शकते. आरसीसी (कॉलम-बीमवर उभी) असली तरी नुसती जाडी बघून ठरवू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी, दोन्ही आधी.

नहाणीट्रॅप: बाथरूमच्या ड्रॉइंगवर उताराचा बाण हवाच. १:१०० धरला तर सहा फुटांला पाऊण इंच. कन्सील्ड डायव्हर्टरची (नळ-शॉवरकडे पाणी वळवणारा, भिंतीत बसवलेला व्हॉल्व्ह) खोली मात्र तयार टाइलच्या दर्शनी बाजूपासून मोजायची. उघड्या विटेपासून मोजली की प्लास्टर-टाइलनंतर बॉडी खोल जाते आणि वरची प्लेट-नॉब नीट बसत नाही. मग टाइल फोडण्याची पाळी येते. वॉटरप्रूफिंगनंतर किमान २४ तास पाणी साठवून खालच्या फ्लॅटचं छत तपासा, मगच टाइल.

कोथरूडकर: तीन कोटेशनं आलीत, तिघांचेही आकडे वेगळे.

ओळंबा: तिघांनी वेगवेगळं काम गृहीत धरलंय. ड्रॉइंगवरून परिमाणांचा तक्ता काढा (टाइल किती चौ. फूट, इलेक्ट्रिक पॉइंट किती, पाइप किती मीटर) आणि त्याच तक्त्यावर तिघांकडून दर घ्या. ‘किचन लमसम’ (सगळ्याचा एकच ठोक आकडा) ही ओळ कुठेच ठेवू नका.

लेव्हलट्यूब: पाइप-वायर झाकण्याआधी मोजायची टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा.