'चेक' म्हणजे तपासणे की रोखणे?

'चेक' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाला बहुतेक वेळा 'तपासणे' असे उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे, कारण तपासणीचा अर्थ या शब्दाला पुष्कळ उशिरा चिकटला. मुळात तो बुद्धिबळाच्या पटावरचा शब्द असून आपला 'शह' आणि तो एकाच मुळाचे आहेत.

फारसीत 'शाह' म्हणजे राजा. प्रतिस्पर्ध्याचा राजा माऱ्यात आला की 'शाह' असे म्हणून त्याला सावध करण्याची रीत होती. हा खेळ इराणातून अरबांकडे आणि तेथून युरोपात गेला, तसा शब्दही मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काक्कुस' आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' अशी रूपे घेत इंग्रजीत 'चेक' झाला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनावरून 'चेस' हे खेळाचे नाव आले. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. त्याचा अर्थ अरबी 'मात'वरून 'राजा मेला' असा सांगितला जातो, पण मला फारसीतला 'हतबल' हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो, कारण या खेळात राजा कधीच मारला जात नाही, त्याची कोंडी होते.

शह बसला की खेळाडूला मनातला बेत तिथेच सोडून आधी राजाला वाचवावे लागते. या अडवणुकीवरून इंग्रजीत 'रोखणे, आवर घालणे' हा अर्थ रूढ झाला, आणि गैरप्रकार रोखायचे तर पडताळून पाहावे लागते, म्हणून पुढे 'तपासणे' आले. ओढ्यावर दगड रचून किंवा मातीने भरलेली पोती लावून जो लहान बंधारा घालतात त्याला 'चेक डॅम' म्हणतात, तिथे काहीच तपासायचे नसते. वाहत्या पाण्याचा वेग रोखायचा असतो. म्हणूनच राज्यव्यवस्थेच्या संदर्भातील 'चेक्स अँड बॅलन्सेस' याचे 'तपासणी आणि संतुलन' असे भाषांतर करणे मला चुकीचे वाटते. एका सत्तेने दुसरीला घातलेला आवर तिथे अभिप्रेत असतो, आणि त्यासाठी 'अंकुश' हा शब्द आपल्याकडे तयार आहे.

बँकेच्या चेकची कथा थोडी वेगळी आहे. बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजाच्या महसुलाचा हिशेब सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद अशा मेजावर होई. त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरून पेनी, शिलिंग, पौंड अशा रकान्यांत सोंगट्या सरकवीत. हे मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या खात्याला 'एक्सचेकर' हे नाव मिळाले, आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांच्या पदनामात ते आजही टिकून आहे. कापडावरच्या चौकडीला 'चेक्स' म्हणतात तेही या पटावरूनच. धनादेशाचा 'चेक' मात्र थेट तिथून आलेला नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी अफरातफरीला आळा बसावा म्हणून जपून ठेवलेल्या स्थळप्रतीला 'चेक' म्हणत, आणि पुढे ते नाव मूळ कागदालाच लागले. ब्रिटनमध्ये त्याचे स्पेलिंग 'एक्सचेकर'च्या प्रभावाने बदलले. अमेरिकेत मात्र पटावरचा शह आणि बँकेचा धनादेश आजही एकाच स्पेलिंगने लिहिले जातात.