चाळीस किलोसाठी फिफ्थ व्हील बदलायचं? माझा स्पष्ट विरोध

वडाळा_ट्रेलर
काल इथे एक पोस्ट पडली. अमेरिकेतल्या पिकअपचा व्हिडिओ. माणूस ॲल्युमिनियमचा हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) हाताने उचलून हौद्यात ठेवतो, मागे भलामोठा कॅम्पर (राहायचा ट्रेलर) जोडतो आणि निघतो. खाली लिहिलंय, 'आपले ट्रान्सपोर्टवाले अजून दीडशे किलोचं लोखंड वाहतात. हलकं फिफ्थ व्हील बसवा, मायलेज वाढेल.'

चोवीस वर्षं शिवडी-न्हावाशेवा गाड्या चालवतोय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. नवख्यांसाठी, फिफ्थ व्हील म्हणजे घोड्याच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) पाठीवरची प्लेट; ट्रेलरची किंग पिन तिच्या जॉमध्ये, म्हणजे जबड्यात, अडकते. साधा हिशोब करा. फिफ्थ व्हील चाळीस किलोने हलकं झालं आणि भरलेली गाडी चाळीस टनांची असली, तर वजन हजारात एक भाग कमी झालं. यात मायलेज कुठून वाढणार? टाकीत ५० लिटर डिझेल कमी भरलं तरी तेवढंच वजन उतरतं, तेही फुकटात. टायरमधली हवा बघा, ड्रायव्हरला घाई करू नका, डिझेल तिथे वाचेल.

चाळीस फुटी कंटेनर भरून ३०,४८० किलोपर्यंत जातो. हे सगळं एका पिनच्या आणि एका जॉच्या भरवशावर ओढलं जातं. गाडीतला हा भाग असा आहे की तो सुटला तर मागून येणारा बाइकवाला मरतो. तिथे मी किलो मोजत बसणार नाही.

चेंबूर_मेकॅनिकल
काका, मायलेजचं पटलं. पण 'हलकं म्हणजे कमजोर' हे कुठून आलं? प्लेटचं कास्टिंग सुधारलं, जिथे ताण येत नाही तिथली धातू काढली, की वजन उतरतं आणि ताकद तीच राहते. आर-५५ ची (गाड्यांच्या जोडांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाची) चाचणी हलक्यालाही द्यावी लागते आणि जडलाही. वजन बघू नका, डी व्हॅल्यू, म्हणजे जोड किती ओढ सोसतो तो आकडा, बघा. घोडा ७ टन, पिनवर १० टन, एकूण ३९.५ टन धरले तर डी व्हॅल्यू ८२ किलोन्यूटन येते. प्लेटवर त्याहून मोठा आकडा कोरलेला असेल आणि पिनवरचा उभा भारही त्यात बसत असेल, तर अडचण कसली? तुम्ही भीती विकताय.

वडाळा_ट्रेलर
भीती विकत नाही, पाहिलेलं सांगतोय. तुमचा हिशोब ३९.५ टनांच्या गाडीचा. २०१८ मध्ये एक्सल लोड वाढले, ट्रॅक्टर-ट्रेलरची मर्यादा ५५ टनांपर्यंत गेली. ९ टनांचा घोडा आणि पिनवर १८ टन धरून तेच गणित करा, १३३ येतात. माझ्या यार्डात दोन्ही जातीचे घोडे उभे असतात. रात्री दोन वाजता जो मोकळा असेल तो जो ट्रेलर तयार असेल त्याला लागतो. त्या वेळी सुपरवायझर प्लेटवरचा आकडा वाचायला वाकणार नाही. म्हणून सगळ्या घोड्यांवर एकच, भारी प्लेट.

चेंबूर_मेकॅनिकल
मग दोष तुमच्या यार्डाच्या शिस्तीचा आहे, हलक्या प्लेटचा नाही. हे तरी मान्य करा.

गिरगाव_७८
त्या व्हिडिओबद्दल सांगतो. माझा धाकटा भाऊ टेक्ससला असतो, त्याच्याकडे तसाच कॅम्पर आहे. तिकडे हिच कायम बसवलेला नसतो. आठवडाभर पिकअपच्या हौद्यात सामान जातं, सुट्टीच्या दिवशी हिच बसवायचा. त्याचा जुना लोखंडी हिच उतरवायला दोन माणसं लागायची. पन्नाशीनंतर कंबर धरली, तेव्हा त्याने अँडरसनचा ॲल्युमिनियमचा घेतला. ३५ पौंड, म्हणजे १६ किलो. क्षमता २४ हजार पौंड, जेमतेम ११ टन. त्याच्या कामाला तो उत्तमच आहे. पण तिथे वजन कमी हवं ते उचलणाऱ्या माणसाच्या कंबरेसाठी. आपल्या घोड्यावरची प्लेट रोज कोण उचलतं? दोन वेगळ्या वस्तू एका वाक्यात कोंबल्या की असा घोळ होतो.

शब्दांचा_आग्रह
सगळे फिफ्थ व्हील म्हणताहेत हे बघून बरं वाटलं. आमच्याकडे अर्धे लोक टर्न टेबल म्हणतात आणि दुकानदार भलताच माल देतो. टर्न टेबल म्हणजे पुढे स्वतःचा एक्सल असलेल्या ट्रेलरची बॉल रेस (गोळ्यांवर फिरणारी कडी). फिफ्थ व्हील हे नाव घोडागाडीच्या काळातलं, पुढच्या एक्सलवर आडवं बसायचं ते पाचवं चाक.

बीडकर_ड्रायव्हर
नाव काहीही ठेवा, खाली वाकतो कोण ते बोला. मी अठरा वर्षं घोडा चालवतोय. आधी सोबत क्लीनर असायचा. मी रिव्हर्स घ्यायचो, तो खाली वाकून बघायचा, हात दाखवायचा. पिन बसल्याचा 'खट्' आवाज आला तरी तो बॅटरी मारून जॉ मिटला का ते बघायचा. मग ट्रेलरचे ब्रेक लावून मी गाडी हळूच पुढे ओढायचो, मगच लँडिंग लेग (ट्रेलरचे पुढचे टेकू) वर. आता क्लीनर बंद, पगार वाचला म्हणे. पावसात रात्री तीन वाजता एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात सुझी पाइप (ट्रेलरच्या ब्रेकला हवा नेणारा), मागून गेटवाला ओरडतोय गाडी काढ म्हणून. प्लेटवर ग्रीस कमी आणि वाळू जास्त. या हालतीत तुमची हलकी काय आणि भारी काय, दोन्ही सारख्याच.

भांडुप_बल्कर
दादा म्हणतात ते शंभर टक्के. पण क्लीनर ठेवायचा तर त्याचा पगार, खाणं, मुक्काम. भाडं तिथेच अडकलंय. कुठून द्यायचं?

बीडकर_ड्रायव्हर
शेठ, नवीन बंपर लावायला पैसे निघतात. केबिनवर लाइटची माळ लावायला निघतात. माणसाला नाही निघत.

भांडुप_बल्कर
माझ्या गाडीवर माळ नाही. न बघता बोलू नका.

बीडकर_ड्रायव्हर
तुमच्यावर बोललो नाही. पण ज्या गाडीवर मी सध्या आहे तिच्यावर माळ आहे, आणि ग्रीस गन नाही. मी माझ्या पैशाने डबा आणतो.

चेंबूर_मेकॅनिकल
म्हणून तर नवीन प्लेटवर प्लास्टिकचे लायनर येतात, वरून ग्रीस लागत नाही. दादांचा त्रास तेवढा कमी होईल.

बीडकर_ड्रायव्हर
वर लागत नसेल. बहुतेकांच्या जॉला लागतंच. आणि लायनर झिजला का हे बघायलाही वाकायला माणूसच लागतो ना साहेब. तुम्ही परत तिथेच आणताय.

वडाळा_ट्रेलर
दादांचं वाचून एक गोष्ट सांगतो, कधी उघड बोललो नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचं झालं. ट्रेलर रात्रभर लँडिंग लेगवर जरा उंच उभा होता. घोडा मागे घेतला तेव्हा पिन जॉच्या आत न बसता वरच राहिली. आवाज आला, ड्रायव्हरला वाटलं लागला. ओढून बघितलं नाही, मीच फोनवर घाई लावली होती. उरण फाट्याच्या वळणावर घोडा पुढे गेला, ट्रेलर मागे राहिला. हवेचा लाल पाइप ताणून तुटला म्हणून ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले, नाहीतर उतारावर काय झालं असतं ते आजही डोळ्यासमोर येतं. कंटेनर रिकामा होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. प्लेट सगळ्यात भारी होती, तिचा काही उपयोग झाला नाही.

चेंबूर_मेकॅनिकल
म्हणजे तुमच्याच गोष्टीने तुमचा मुद्दा पडतो. प्लेट जड होती आणि अपघात घाईने झाला.

वडाळा_ट्रेलर
पडतो. तेवढा भाग पडतो, मान्य. पण ५५ टनांच्या घोड्यावर कमी आकड्याची प्लेट मी बसवणार नाही, यावर ठाम आहे.

भांडुप_बल्कर
आता माझं ऐका, दोघं माझा धंदा विसरताय. कंटेनरला ट्रिपवर भाडं, मला टनावर. बल्करमध्ये (सुट्या सिमेंटच्या टाकीत) सिमेंट वजनाच्या मर्यादेपर्यंत भरतो, घोडा-ट्रेलर जितके हलके तितका माल जास्त. ४० किलो वाचले, महिन्याला वीस फेऱ्या, वर्षाला ९.६ टन सिमेंटचं जादा भाडं. तेही एकदा बसवून दरवर्षी. फक्त प्लेटच नाही, खालची माउंटिंग प्लेटही बघतो, तिथेही वजन असतं. माझ्याकडे सगळे घोडे एकाच जातीचे, अदलाबदल नाही.

गिरगाव_७८
मग टँकरवाल्यांनाही फायदा म्हणायचा.

भांडुप_बल्कर
नाही. टँकरची टाकी वैध मापनवाले मोजून ठरवतात. वजन वाचलं तरी टाकीत लिटर वाढत नाहीत. बल्करचं वेगळं.

वडाळा_ट्रेलर
भांडुपवाल्यांचा हिशोब बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही. टनावर भाडं असेल आणि आकडा पुरेसा असेल तर घ्या हलकं. एकच हात जोडून सांगणं. बसवताना चॅसीला वेल्डिंग करू देऊ नका. कारागीर म्हणेल पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीने सांगितलेलेच बोल्ट, टॉर्क रेंचने, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा घट्ट.

बीडकर_ड्रायव्हर
सगळे प्लेटवरच बोलताय. ट्रेलरच्या किंग पिनचं काय? ५० ची पिन नवीन असताना ५०.८ मिलिमीटर असते, ४९ च्या खाली गेली की बदलायची. कितीही चांगला जॉ आणा, पिन झिजलेली असेल तर आत खडखडणार. ब्रेक मारला की मागून लाथ बसल्यासारखा धक्का बसतो, तो आमच्या पाठीला कळतो. वडाळ्याचे शेठ, तुमच्या पिना शेवटच्या कधी मोजल्या?

वडाळा_ट्रेलर
खरं सांगायचं तर मोजल्या नाहीत. पासिंगच्या वेळी मिस्त्री नजरेने बघतो.

शब्दांचा_आग्रह
नजरेने दीड मिलिमीटर दिसत नाही.

वडाळा_ट्रेलर
(दोन दिवसांनी) काल व्हर्नियर घेऊन स्वतः खाली गेलो. ग्रीस आणि वाळूचा थर पुसला, त्याखाली पिनच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत खड्डा पडलेला. पाच ट्रेलर मोजले. चार ४९.८ च्या वर. एक ४८.६. तो ट्रेलर उभा केला आहे, पिन आली की लागेल. बीडकर दादा, सोमवारपासून रात्रपाळीला यार्डात एक पोरगा ठेवतोय, फक्त जोडताना खाली बघायला.

बीडकर_ड्रायव्हर
त्याला चांगली बॅटरी द्या, शेठ. मोबाइलवर नका भागवू.