जुनी आरएस आणि नवी आरएस शेजारी उभ्या केल्या... परफॉर्मन्स गाड्या एवढ्या का फुगत चालल्यात?

आरएसवाला_नाशिक

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आता विचारूनच टाकतो. माझ्याकडे स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस (ऑक्टाव्हियाचं वेगवान मॉडेल) आहे, तीच जी 2004 ला आपल्याकडे आली होती, 1.8 टर्बो पेट्रोल, 150 हॉर्सपॉवर, पाच गिअरची मॅन्युअल. सेकंडहँड घेतलेली, रंग उडालाय, पण पळते अजून मस्त. आता माझ्या एका मित्राला नवी आरएस मिळाली, 2025 ला ज्या फक्त शंभर आणल्या त्यातली, 265 पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), डीएसजी म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, एक्स-शोरूमच 50 लाख. गंगापूर रोडला दोन्ही शेजारी लावल्या तर माझी गाडी म्हणजे तिचं पिल्लू वाटायला लागलं राव. घरी येऊन आकडे बघितले. माझी साडेचार मीटर लांब आणि 1.73 मीटर रुंद, त्याची 4.7 मीटर लांब आणि 1.83 रुंद. नाव तेच, बॅज तोच, आणि वीस सेंटिमीटर लांबी न मागता वाढलेली.

त्याने चालवायला दिली, समृद्धीला चढायच्या आधी इगतपुरीच्या बाजूला एक चक्कर मारली, आणि खरं सांगू का, गाडी भन्नाट आहे, पण 100 ला पोचलेलं कळलंच नाही. माझ्या गाडीत 80 ला स्टिअरिंगमधून, सीटमधून सगळं कळत असतं, तिच्यात मी स्पीडोमीटर बघून खात्री करत होतो. आणि परत येताना रविवार कारंजाच्या बाजूने गल्लीत घातली तर दोघंही आरसे मिटून, श्वास रोखून.

तर प्रश्न असा की हे फक्त स्कोडाचं आहे का सगळ्यांचंच असं चाललंय? आणि का? आमच्या बिल्डिंगचं पार्किंग अडीच मीटर रुंद, त्यात एका बाजूला पिलर, म्हणजे पुढची गाडी घेताना दार उघडेल का हेच आधी बघावं लागणार. बायको म्हणते जुनी विकून टाक आता. विकू का?

अंबडचा_टूलरूमवाला

भाऊ, विकू नका, एवढं आधी सांगतो, आता कारण.

सगळ्यांचंच चाललंय. बीएमडब्ल्यूचं उदाहरण घ्या कारण त्यात सगळ्यात उघड दिसतं. 1986 ची पहिली एम3, ई30 (हे त्यांचे पिढीचे कोड), चार सिलिंडर 2.3 लिटर, वजन 1200 किलोच्या आसपास, रुंदी 1680 मिमी, 15 इंची चाकं. आताची एम5, जी90, 2435 किलो, 727 हॉर्सपॉवर, पुढे 20 आणि मागे 21 इंची चाकं. आता कुणी म्हणेल एम3 ची तुलना एम5 शी का, बरं, एम5 ची एम5 शी करा, पहिली ई28 साधारण 1430 किलोची होती. म्हणजे एक हजार किलो वाढले. त्या वजनात एक अख्खी स्विफ्ट येते आणि वर सामान ठेवायला जागा उरते.

का वाढलं तर एक कारण नाहीये, एकातून एक असं निघत जातं. मी प्रेस टूल्सच्या लायनीत आहे त्यामुळे बॉडी जवळून बघतो. जुन्या गाडीचा बी-पिलर कापून बघितला तर आत काय, साध्या पत्र्याचे दोन पन्हळ समोरासमोर स्पॉट वेल्ड केलेले. आता तोच पिलर म्हणजे पत्रा भट्टीत 900 डिग्रीच्या वर लालबुंद करायचा आणि गार डायमध्ये दाबून तिथल्या तिथे क्वेंच म्हणजे झटक्यात गार करायचा, 1500 एमपीएच्या (मेगापास्कल, मजबुतीचं माप) घरात स्ट्रेंग्थ, ड्रिल मारायला गेलात तर ड्रिल बिट रडतं. त्याच्या आत सीटबेल्टचा प्रीटेन्शनर, वरती कर्टन एअरबॅग, दारात बीम, दाराचं पॅड, स्पीकर, काचेची मोटर. दार जाड झालं की ते बाहेरच्या बाजूला जाणार किंवा आतल्या. आत माणूस बसलाय म्हणून बाहेर जातं. तुमच्या दोन आरएसमधले दहा सेंटिमीटर निम्मे तरी दारांनीच खाल्ले असणार असा माझा अंदाज.

बॉनेट उंच झालं त्याचं पण असंच, पायी चालणाऱ्याचं डोकं आदळलं तर खाली इंजिन लगेच लागू नये म्हणून मध्ये मोकळी जागा ठेवावी लागते. बॉनेट उंच म्हणून ड्रायव्हर उंच बसणार, म्हणून छप्पर उंच, मग एवढ्या उंच गाडीला 15 इंची चाक शोभत नाही. चाक मोठं घातलं की टायर रुंद, ब्रेक मोठे, चाक धरणारं नकल जाड, सबफ्रेम जाड, आता वजन वाढलं म्हणून पॉवर वाढवा, पॉवर वाढली की टर्बोला इंटरकूलर आणि तीन-चार रेडिएटर पाहिजेत, त्यांना पुढे तोंड मोठं पाहिजे, की परत गाडी मोठी. हे चक्र कुठे थांबतच नाही.

आणि आता त्यात बॅटरी. त्या एम5 मध्ये व्ही8 आहेच, शिवाय प्लग-इन हायब्रिड, 18.6 किलोवॅट-तास वापरता येणारी बॅटरी. ती युरोपच्या उत्सर्जनाच्या नियमांसाठी जास्त, पळण्यासाठी कमी. पळते हे खरं, 100 ला साडेतीन सेकंद, जुनी एम3 सात सेकंदाच्या आसपास घ्यायची. पण 2400 किलो वळणावर बाहेर ढकलतात ना, ते कुठे जात नाहीत, फक्त सॉफ्टवेअर, मागची वळणारी चाकं आणि 295 मिमी रुंद टायर त्यांना लपवून ठेवतात. आणि त्या टायरचं बिल कोण भरतं ते तुम्हाला माहितीये.

कॉन्टेसाचा_भाचा

एक मिनिट हां, सगळं जुनं छोटं होतं हे काही खरं नाही. आमच्या मामांची कॉन्टेसा साडेचार मीटरच्या वर होती, पार्क करताना पोराटोरांना बोलावून "येऊ द्या येऊ द्या" करावं लागायचं. आणि सुपरकार्स तर आधीपासून रुंदच होत्या. फेरारी एफ40, 1987 ची, रुंदी 1970 मिमी. आता टूलरूमवाले सरांनी ज्या एम5 ला शिव्या घातल्या तिची रुंदी बघा, 1970 मिमी. तेवढीच! फरक काय तर एफ40 उंचीला सव्वा मीटरही नाही आणि एम5 दीड मीटर, एफ40 कोरडी 1100 किलो आणि ही 2435. म्हणजे रुंदीला दोष देऊन उपयोग नाही, वाढलंय ते उंचीत, लांबीत आणि आतल्या सामानात. एफ40 च्या दाराला आत हँडलसुद्धा नव्हतं, एक वायर ओढून उघडायचं.

दुसरं म्हणजे हे जुन्या गाड्यांचं कौतुक करणारे सगळे (मीही त्यातलाच) मुलांना शाळेत सोडायला कोणती गाडी काढतात ते विचारा. गोल्फ जीटीआय पहिली, 1976 ची, 810 किलो, 110 पीएस, सगळे गोडवे गातात, पण तिच्यात बसून मुंबई नाक्याला ट्रकने मागून ठोकलं तर मागच्या सीटवरच्याचं काय होईल. आपल्याकडेच एबीएस सक्तीचं व्हायला 2019 उजाडलं, गाड्या आदळून सुरक्षेचे स्टार देणारं भारत एनकॅप 2023 ला आलं. हे सगळं फुकटात आणि बिनवजनाचं मिळत नाही.

आणि छोटी ठेवायची म्हटलं तर ठेवता येते. माझदाची एमएक्स-5 बघा, 1989 ची पहिली आणि आताची, आताची लांबीला पहिलीपेक्षाही कमी आहे, 3915 मिमी, वजन हजार-साडेदहाशे किलो. टोयोटाची जीआर यारिस चार मीटरच्या आत. सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट 970 किलोला 140 पीएस, जी आपल्याला कधी दिलीच नाही, एवढ्या स्विफ्ट विकत घेतल्या आपण, तरी नाही. म्हणजे इंजिनिअरना जमत नाही असं नाही. मोठी गाडी जास्त पैशाला विकता येते, एवढं साधं आहे ते.

पिंपळगावचा_पोरगा

727 एचपी घेऊन कांद्याच्या ट्रॅक्टरमागे 20 च्या स्पीडने बाजार समितीपर्यंत. मी माझ्या बोलेरोत त्याच स्पीडला. धन्यवाद.

घाटवाली_ताई

कॉन्टेसावाल्या भाऊंचं एफ40 चं बरोबर आहे पण रुंदीला सोडून देता येत नाही हो, निदान आपल्या रस्त्यांवर तरी. मी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चालवते, वणीवरून सापुताऱ्याला आणि नांदुरीवरून सप्तशृंगी गडावर नेहमीचं जाणं असतं. माझ्या पोलोची रुंदी 1682 मिमी. आत्ता वर वाचलं तेव्हा लक्षात आलं की ही जवळजवळ त्या जुन्या एम3 एवढीच आहे, दोन मिमीचा फरक! आता हिशोब करा. दुपदरी रस्त्याला एक लेन साडेतीन मीटरची धरतात. पोलो त्यात उभी केली तर 1.8 मीटर मोकळे उरतात. म्हणजे वळण घेताना मी लेनच्या आतल्या आत बाहेरून आत येऊ शकते, गाडीला एक रेषा देता येते. 1970 वाली घातली तर दीड मीटर, आरसे धरले की त्याहून कमी, मग रेषाबिषा काही नाही, फक्त मधोमध धरून ठेवायची.

आणि जिथे रस्ता साडेपाच मीटरचा आहे तिथे समोरून एसटी आली की बघा. एसटी अडीच मीटर धरा. उरले तीन. त्यात माझी 1.68 गेली की दोन्ही मिळून सव्वा मीटरच्या वर फट राहते, मी स्पीड थोडा कमी करून निघून जाते. एम5 वाला एक मीटरच्या फटीत आरसे सांभाळत थांबणार, साइडपट्टीवर उतरणार, आणि पावसाळ्यात साइडपट्टी म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. तेव्हा 105 पीएसची पोलो त्या वळणावर 727 वाल्याच्या पुढे असते, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, त्या रस्त्यावर तेवढंच मावतं. आपल्या नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा पण जिप्सी, सेडिया, पोलो असल्याच गाड्या मातीत पळताना बघितल्यात ना सगळ्यांनी.

युरोपात पण लोक वैतागलेत. नव्या गाड्यांची सरासरी रुंदी दर दोन वर्षांनी एक सेंटिमीटर वाढतेय असं 2024 ला तिकडच्या एका संस्थेने मोजून सांगितलं, 2018 ला 177.8 सेमी होती ती 2023 ला 180.3. पॅरिसने तर 2024 लाच मतदान घेऊन जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग करायचं ठरवलं, मध्यवर्ती भागात तासाला 18 युरो. आपल्या नाशिकच्या मेन रोडला असं केलं तर काय होईल, मी विचार करूनच हसले.

सीए_कॉलेजरोड

ताईंचा हिशोब आवडला, माझा टॅक्सचा ऐका. जगात गाड्या वाढत होत्या तेव्हा आपल्या सरकारने 2006 च्या बजेटमध्ये लहान गाडीची व्याख्या करून टाकली, लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल असेल तर इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500. म्हणून इथे गाड्या लांबीला वाढल्या नाहीत, डिक्की कापलेल्या सेडान निघाल्या. पण छोट्या वेगवान गाडीचा यात बळी गेला. फियाटची पालिओ 1.6 आठवतेय का, शंभर हॉर्सपॉवरची, सचिनची सही असलेली? चार मीटरच्या आत होती पण इंजिन मोठं. फियाटचीच अबार्थ पुंटो 2015 ला आली, रांजणगावलाच बनायची, 1.4 टर्बो, 145 हॉर्सपॉवर, दहा लाखाच्या आत, लांबी चार मीटरला थोडी कमी, पण इंजिन 1368 सीसी म्हणजे मोठ्या गाडीचा टॅक्स. पोलो जीटीआय 2016 ला आली ती तीन दारांची, 26 लाखाला, आणि फक्त 99.

आता सप्टेंबर 2025 पासून जीएसटीत पण तेच, लहान गाडीला 18 टक्के आणि बाकीच्यांना 40. अबार्थसारखी गाडी आज कुणी काढली तर ती त्या एम5 च्याच 40 टक्क्यांच्या रांगेत उभी राहणार. मग कंपनीवाला म्हणतो 40 भरायचेच आहेत तर मोठी एसयूव्हीच का देऊ नये. आय20 एन लाइन एक लिटर टर्बोवर त्यातून सुटली, 120 पीएस, पण अशा अगदी थोड्याच. मला विचाराल तर टूलरूमवाल्यांच्या सगळ्या कारणांपेक्षा आपल्याकडे हे कारण मोठं आहे.

आरएसवाला_नाशिक

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. ताईंचा हिशोब बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली मग पोलो घे. हे मला अपेक्षित नव्हतं.

विकत नाहीये सध्या. पण पुढच्या बाजूने खड्ड्यात टक टक आवाज येतोय, आर्म बुश गेलेत असं मेकॅनिक म्हणतो, आणि टायमिंग बेल्ट आधीच्या मालकाने कधी बदलला त्याचा कागद नाही. सातपूरला कुणी ही जुनी 1.8 टर्बो नीट ओळखणारं आहे का?

अंबडचा_टूलरूमवाला

बेल्ट आधी. आवाज सहन होतो, बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग हेड उतरवावं लागतं. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंप पण टाकून घ्या, परत तेवढीच मजुरी देण्यात अर्थ नाही. टर्बोचे रबरी होज पण दाबून बघा, एवढ्या वर्षांनी तडे जातात, मग बूस्ट गळतो आणि माणूस म्हणतो गाडी म्हातारी झाली. मेकॅनिकचं नाव खासगी मेसेजमध्ये देतो.

किलोमोजणारा

उशिरा आलो. वर एम5 चं 2435 लिहिलंय, काही ठिकाणी 2510 वाचाल, दोन्ही बरोबर आहेत. पहिला जर्मन डीआयएन पद्धतीने, ड्रायव्हर न धरता, दुसरा ईयू पद्धतीने, 75 किलोचा ड्रायव्हर आत बसवून. जुन्या गाड्यांची वजनं बहुतेक बिनड्रायव्हरची असतात, तेव्हा तुलना करताना एकच पद्धत धरा, नाहीतर 75 किलो असेच हवेत वाढतात.

कॉन्टेसाचा_भाचा

75 किलोचा ड्रायव्हर कॉलेज रोडला कुठे मिळतो ते पण सांगा.